भिवराबाईचं पिल्लू आणि शेटची फरशी

डोंगरउतारावर वसलेल्या एका लहानशा गावात भिवराबाई नावाची बाई कोंबड्या पाळून राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सासरी सुखात होती. घरात माणूस म्हणून ती एकटीच. पण अंगणात मात्र पाय ठेवायला जागा नसायची. तांबड्या, काळ्या, कवड्या, उलट्या पिसांच्या, सगळ्या तऱ्हेच्या कोंबड्या तिथे नांदायच्या.

आसपासच्या चार गावांतल्या बायका उबवायची अंडी तिच्याकडूनच नेत. भिवराबाईच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून तुरुतुरु पळतं, असं त्या एकमेकींना सांगत. तिची आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ती म्हणजे तिचा राग. कुणी बैलाला विनाकारण चाबूक मारला, कुणी कुत्र्याच्या पिल्लाला दगड भिरकावला, की भिवराबाई हातातलं काम टाकून रस्त्यावर यायची आणि त्या माणसाला असं फैलावर घ्यायची की तो पुढचा महिनाभर तिच्या दारावरून जात नसे.

त्याच गावात नागोशेट नावाचा धान्याचा व्यापारी होता. त्याने नवं घर बांधलं. गावात तोवर सगळ्यांच्या जमिनी मातीच्या, शेणाने सारवलेल्या. नागोशेटने मात्र लांबच्या खाणीतून काळी फरशी आणवली आणि कारागिरांकडून ती अशी घोटून घेतली की वाकून पाहिलं तर तोंड दिसावं. ओसरीला फरशी, माजघराला फरशी. थोडी उरली, तर ती त्याने परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात बसवून घेतली. पाहुणे आले की शेट त्यांना आधी ते खुराडं दाखवायचा. "आमच्या कोंबड्यासुद्धा फरशीवर राहतात," असं म्हणायचा आणि पाहुणे हसले की सुखावायचा. रोज सकाळी त्याचा गडी गेनू ते खुराडं ओल्या फडक्याने पुसून लखलखीत करायचा.

खुराडं झालं, पण त्यात कोंबड्या कुठे होत्या? मग नागोशेट भिवराबाईच्या दारात आला. तिची तांबडी कोंबडी तेव्हा तेरा अंड्यांवर खुडूक बसली होती. दोन-तीन दिवसांत अंडी फुटायची होती.

"ही मला दे, अंड्यांसकट," शेट म्हणाला. "बदल्यात लागेल तेवढी बाजरी घेऊन जा."

भिवराबाईने कोंबडी टोपलीसकट दिली. जाताना तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गरीब आहे हो फार. नीट सांभाळा."

तेरांपैकी अकरा अंडी फुटली. अकराही पिल्लं कापसाच्या बोंडासारखी गुबगुबीत होती. शेटने अर्ध्या गावाला बोलावून ती दाखवली.

तिसऱ्या दिवशी एका पिल्लाचे पाय फाकले. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि मध्ये ते बिचारं पोटावर पडलेलं. उठायला जावं तर पाय आणखी लांब सरकावेत. संध्याकाळपर्यंत दुसरं पडलं. चौथ्या दिवशी सकाळी अशी पाच पिल्लं झाली.

नागोशेटला पाहुण्यांसमोर लाज वाटली. आता इथे कुणाला वाटेल, त्याने भिवराबाईला बोलावून विचारलं असेल, की बाई, हे असं का झालं? छे. तो उठला, चावडीवर गेला आणि पाच माणसांत म्हणाला, "भिवराच्या कोंबड्यांच्या रक्तातच खोट आहे. मला लुळी पिल्लं गळ्यात मारली. तुम्ही सावध राहा."

एवढं पुरे होतं. दुपारपर्यंत गोष्ट घरोघर पोहोचली. पलीकडच्या गावाहून अंडी न्यायला आलेल्या दोन बायका भिवराबाईच्या दारापर्यंत आल्या, आपापसात कुजबुजल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत फिरल्या. भिवराबाईने त्यांना हाक मारली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. शेवटी शेजारणीने तिला काय ते सांगितलं.

भिवराबाईने पदर खोचला आणि तडक शेटच्या घराची वाट धरली.

वाटेत ओढा लागतो. ओढ्याच्या काठावर तिला गेनू दिसला. त्याच्या हातात टोपली होती. मान खाली घालून तो पाण्याकडे बघत होता.

"काय आहे रे टोपलीत?"

गेनू दचकला. "शेटचं काम आहे, आक्का."

भिवराबाईने टोपलीवरचं फडकं ओढलं. आत एकच पिल्लू होतं, पाय फाकून पडलेलं. चिवचिवायचंही त्राण त्याला उरलं नव्हतं.

"पाच पडली होती ना? बाकीची कुठे आहेत?"

गेनूने पाण्याकडे बोट केलं.

चार जीव! चार दिवसांचे चार जीव. ज्यांनी अजून धड एक किडा टिपला नव्हता, त्यांना वाहत्या पाण्यात टाकलं. भिवराबाईने गेनूच्या हातातून टोपली हिसकावून घेतली.

"तुझे हात झडले नाहीत का रे?"

"मी काय करू? पोटासाठी करतो, आक्का. शेट म्हणाले टाकून ये, मी टाकली."

"शेट म्हणाले, उद्या विहिरीत उडी मार. मारशील?"

भिवराबाई टोपली घेऊन शेटच्या ओसरीवर चढली. नागोशेट तक्क्याला टेकून बसला होता. समोर गावातली पाच-सहा माणसं होती. तिचे धुळीने भरलेले पाय फरशीवर उमटले, तसा शेटच्या कपाळाला आठी पडली.

"शेट, माझ्या कोंबड्यांना नाव ठेवलंत ते ठेवलंत. पण ही पिल्लं जिवंत होती. यांना ओढ्यात कसं टाकलंत?"

"जे स्वतःच्या पायावर उभं राहू शकत नाही," शेट शांतपणे म्हणाला, "त्याला पोसायचं कशाला?"

"तुम्ही जन्मल्या दिवशी उभे राहिला होतात का?"

ओसरीवरचा एक जण फसकन हसला. शेटचा चेहरा लाल झाला. "जीभ आवर, भिवरा. तुझ्या अंड्यांतच खोट आहे, हे साऱ्या गावाने बघितलंय."

भिवराबाईने ते पिल्लू ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर उंच धरलं.

"येत्या नाही, त्यापुढच्या बाजाराला हे पिल्लू देवळासमोरच्या पटांगणात स्वतःच्या पायांनी चालेल. नाही चाललं, तर मी गावात कोंबडी पाळणार नाही."

बोलून गेली आणि घरी आली. बाजाराला बारा दिवस होते.

तिने बांबूच्या विणलेल्या एका डालग्यात गोणपाट अंथरलं, वर जुन्या लुगड्याची घडी टाकली आणि पिल्लाला त्यात ठेवलं. एका चिंधीची पट्टी फाडून त्याचे दोन्ही पाय जवळ आणून बांधले, म्हणजे ते फाकू नयेत. मग त्याला उभं केलं. ते पडलं. पुन्हा उभं केलं. पुन्हा पडलं. भिवराबाईचं कशात लक्ष लागेना. भाकरी थापताना उठावं, पिल्लाला उभं करावं. झाडताना थांबावं, पिल्लाला उभं करावं. "ऊठ," ती दात खाऊन म्हणायची, "ऊठ, त्या माणसाला दाखवायचंय." पट्टी सैल वाटली की ती आणखी आवळायची.

दोन दिवसांत पिल्लाने खाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पाहिलं तर त्याचे पंजे थंडगार आणि निळसर पडले होते.

आता ती घाबरली. पिल्लू पदरात घेऊन ती तुळाजीआबांकडे धावली. तुळाजीआबा गावातले हाडं बसवणारे म्हातारे. माणसाचा हात निखळो की बैलाचा पाय मुरगळो, सगळे त्यांच्याकडे जात. आबांनी पिल्लू तळहातावर घेतलं, आधी ती पट्टी सोडली आणि मग भिवराबाईकडे बघितलं.

"ही पट्टी तू पिल्लाला बांधलीस, की नागोशेटला?"

भिवराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाच्या भरात तिने या एवढ्याशा जिवाचे पाय असे आवळले होते, जणू शेटचाच गळा तिच्या हातात होता. ज्याने पिल्लं ओढ्यात टाकली त्याच्यावर ती संतापली होती, आणि उरलेलं एक ती स्वतःच मारायला निघाली होती.

"आबा, माझं चुकलं. जगेल का हे?"

"राग राहू दे तुझा. राग यावा असंच झालंय." आबांनी पिल्लाचे पंजे बोटांनी हळूहळू चोळायला सुरुवात केली. "पण हातात येऊ देऊ नकोस. हात याच्यासाठी ठेव."

मग त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. लोकरीचा मऊ धागा घे. दोन पायांमध्ये करंगळी राहील एवढं अंतर ठेवून सैल बांध. रोज सोडून पंजे बघ. गार लागले तर आणखी सैल कर. पिल्लू झपाट्याने वाढतं, कालचा धागा आज आवळतो. ते दमलं की त्याला विसावू दे. उभं करायची घाई करू नकोस, पोटात काही गेलं तर ते आपण होऊन उठेल.

भिवराबाईने तसंच केलं. कापड अंथरलेल्या लहानशा वाटीत ती पिल्लाला बसवायची, म्हणजे पाय आपोआप पोटाखाली राहायचे. उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर घेऊन त्याच्या चोचीशी धरायची. तांदुळज्याची कोवळी पानं बारीक चिरून घालायची. कुंपणाच्या कुजक्या लाकडातली वाळवी झटकून आणायची. उन्हं कोवळी असली की त्याला अंगणात घेऊन बसायची. आता ती "ऊठ" म्हणत नसे. "खा बाबा," एवढंच म्हणायची.

पहिल्या दिवशी त्याने बलकाला एकदाच चोच लावली. दुसऱ्या दिवशी वाळवी दिसताच मान वर केली. तिसऱ्या दिवशी ती विस्तव फुंकत असताना मागून चिवचिवाट ऐकू आला. वळून पाहते तर गोणपाटावर पिल्लू उभं! डुलत होतं, पण उभं होतं. चार श्वास घेईपर्यंत राहिलं आणि मग मटकन बसलं. भिवराबाई फुंकणी तशीच हातात धरून बघत राहिली.

त्याच दिवशी दुपारी तिने डालग्यातलं गोणपाट झटकायला काढलं आणि तेवढ्या वेळापुरतं पिल्लाला शेजारच्या पितळी परातीत ठेवलं. परात नुकतीच घासून लख्ख केलेली. पिल्लू उभं राहायला गेलं आणि त्याचे पाय सर्रकन दोन बाजूंना गेले.

भिवराबाईने त्याला पटकन उचललं. पुन्हा गोणपाटावर ठेवलं. ते डुलत का होईना, उभं राहिलं.

ती जागच्या जागी थबकली. मग अंगणातल्या दुसऱ्या कोंबडीचं एक धडधाकट पिल्लू तिने उचलून आणलं आणि क्षणभर परातीत सोडलं. त्याचेही पाय घसरले. ते पंख फडफडवू लागलं, तशी तिने त्याला लगेच बाहेर काढलं.

शेटच्या ओसरीवर आपले धुळीचे पाय कसे उमटले होते, ते तिला आठवलं. खुराड्यातही तीच फरशी. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली. मोठ्या कोंबडीला वजन असतं, नखं असतात. ती कशीबशी सावरते. चार दिवसांच्या पिल्लाने बोटं रोवायची कुठे? खोट अंड्यात नव्हती. पायांखाली होती.

आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी घातलेल्या त्या फरशीने पाच पिल्लांचे पाय फाकवले. वर शेटने त्या पिल्लांनाच लुळं म्हटलं. वर त्यांतली चार बुडवली. भिवराबाईच्या अंगाचा भडका उडाला.

मग तिला उरलेली सहा पिल्लं आठवली.

ती अजून त्याच फरशीवर होती. बाजाराला सहा दिवस होते. तिच्या मनात विचार आला, गप्प बसावं. सहा दिवसांत शेटची आणखी दोन-तीन पडतील. इकडे आपलं चालेल. मग बाजारात सगळ्यांसमोर फरशीचं सांगू. शेटला तोंड लपवायला जागा उरणार नाही. तो विचार तिला घटकाभर गोडही वाटला. हातातलं पिल्लू तिच्या बोटाला चोच मारत होतं, बलक मागत होतं. भिवराबाईला स्वतःचीच किळस आली. तिने पिल्लाला डालग्यात ठेवलं, वर झाकण घातलं आणि भर उन्हात शेटचं घर गाठलं.

"शेट, मी भांडायला आले नाही," ती ओसरीच्या खालीच उभी राहून म्हणाली. "तुमच्या खुराड्यात आजच्या आज गोणपाट अंथरा. पिल्लांचे पाय त्या फरशीवरून घसरतात. अंडी चांगली होती. फरशीने केलंय हे."

नागोशेट हसला. "बाजार जवळ आला, म्हणून आता फरशीला नाव ठेवायला लागलीस?"

"माझं राहू द्या. माझ्या अंड्यांना हवं ते म्हणा. पण गोणपाट टाका. सहा जीव आहेत."

"एवढी घोटलेली फरशी, आणि तिच्यावर गोणपाट? पाहुण्यांनी हसावं मला?" शेटने हात झटकला. "जा तू."

भिवराबाई वळली. पण ती घरी गेली नाही. घराला वळसा घालून ती परसात गेली. तिथे शेटची बायको सगुणाबाई खुराड्याजवळ उभी होती. जाळीतून आत बघत होती. तांबडी कोंबडी कोपऱ्यात बसली होती आणि सहांतली दोन पिल्लं चालताना लटपटत होती.

"शेटाणीबाई, यांच्या पायांखाली काहीतरी खरखरीत घाला हो. गोणपाट घाला, भुसा घाला, काही घाला. नाहीतर हीसुद्धा जातील."

सगुणाबाई काही बोलली नाही. तिने एकदा ओसरीकडे बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. भिवराबाईला कळेना, हिने ऐकलं की नाही. तिला त्या गप्प बसण्याचाही राग आला. पण आणखी काय करणार? ती परत आली.

बाजाराचा दिवस उजाडला. देवळासमोरच्या पटांगणात पालं पडली. चार गावांतली माणसं जमली. भिवराबाईची पैज सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे भाजी-मिरची सोडून माणसं आधी तिच्याभोवती गोळा झाली. तुळाजीआबाही काठी टेकत आले.

भिवराबाईने डालगं खाली ठेवलं आणि पिल्लाला मातीवर सोडलं. पायांतला धागा तिने दोन दिवसांपूर्वीच काढला होता. इतकी माणसं पाहून ते आधी बावरलं, अंग चोरून उभं राहिलं. मग त्याला मातीत एक मुंगी दिसली. ते एक पाऊल पुढे गेलं. दुसरं टाकलं. पावलं जरा आत वळत होती, पण पडत मात्र ठाम होती. मुंगी टिपून त्याने मान वर केली आणि तुरुतुरु पळत भिवराबाईच्या पायांत शिरलं.

बायका एकदम बोलू लागल्या. ज्या दोघी रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या होत्या, त्या पुढे सरकल्या.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. नागोशेट आला होता. मागे गेनू, त्याच्या डोक्यावर मोठं डालगं, आणि त्याच्याही मागे सगुणाबाई. शेटने डालगं उघडायला लावलं. आतून तांबडी कोंबडी आणि तिची सहा पिल्लं बाहेर पडली. सहाही ताठ. सहाही पळणारी.

"भिवरा म्हणते माझ्या फरशीने पिल्लं लुळी होतात," शेट मोठ्याने म्हणाला. "बघा ही. त्याच फरशीवर वाढली. मग खोट फरशीत, की हिच्या अंड्यांत?"

भिवराबाईने त्या सहांकडे बघितलं. तिला आधी बरं वाटलं, जगली म्हणून. मग तिच्या ध्यानात आलं. तिने जाऊन सांगितलं म्हणूनच ती जगली होती, आणि आता तीच तिच्याविरुद्ध उभी केली जात होती!

"यांच्या पायांखाली कुणीतरी काहीतरी घातलं असणार," ती म्हणाली.

"कुणी?" शेट हसला. "मी रोज सकाळी स्वतः बघतो. फरशी आरशासारखी असते."

गर्दीतून एक माणूस म्हणाला, "मग सोपं आहे की. भिवराबाई, तुझं हे पिल्लू शेटच्या फरशीवर चार दिवस ठेव. पडलं तर तू खरी. नाही पडलं तर शेट खरे."

बऱ्याच जणांना ते पटलं. "ठेव, ठेव," असे आवाज निघाले. नागोशेटने मात्र नजर चुकवली.

भिवराबाईने पिल्लाला उचलून छातीशी धरलं.

"नाही ठेवणार."

"म्हणजे तू खोटं बोलत होतीस?"

"मला खोटी म्हणा!" भिवराबाईचा आवाज पटांगणभर घुमला. "उद्यापासून माझ्या दारात कुणी येऊ नका, माझी एवढीशी चूल विझू द्या. पण तुम्हाला पटवायला मी याचे पाय पुन्हा फाकू देणार नाही. चार पिल्लं ओढ्यात टाकली, तेव्हा तुमच्यातल्या एकाने तरी शेटला विचारलं का, की ती कशावर उभी होती? तेव्हा पुरावा नको होता तुम्हाला. अंड्यांत खोट आहे, एवढं ऐकलंत आणि मान डोलावलीत. आता पुरावा हवाय, तोही याच्याच पायांतून काढून!"

कुणीही तिच्या बाजूने पुढे आलं नाही. भिवराबाईने पिल्लू डालग्यात ठेवलं आणि जायला निघाली.

"थांबा, भिवराआक्का."

सगुणाबाई बोलली होती. गावाने तिचा आवाज आजवर क्वचितच ऐकला होता. ती नवऱ्याच्या पुढे येऊन उभी राहिली.

"ही सहा फरशीवर नाही वाढली. गोणपाटावर वाढली. आक्का सांगून गेल्या त्याच दुपारी मी ते अंथरलं. सकाळी हे बघायला यायच्या आधी काढून घ्यायची, हे गेले की पुन्हा घालायची." ती नवऱ्याकडे वळली. "यातली दोन लटपटत होती. गोणपाट घातल्यावर चार दिवसांत सावरली. आणि पहिली पाच गेनू ओढ्यावर नेत होता, तेव्हा मी दारातच उभी होते. त्याआधी त्यांच्या घसरणाऱ्या नखांचा फरशीवर होणारा आवाज मी ऐकत होते. मला कळत होतं. तरी बोलले नाही. ते पाप माझंही आहे."

"घरी चल," नागोशेट दबक्या आवाजात म्हणाला.

"चला. पण गोणपाट आता मी काढणार नाही."

गेनू खाली मान घालून म्हणाला, "बाई खरं बोलतात. मी बघितलंय रोज."

नागोशेटने आजूबाजूला पाहिलं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तो गर्दीतून निघून गेला. भिवराबाईची माफी त्याने मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण खुराड्यातलं गोणपाट तसंच राहिलं आणि पाहुण्यांना खुराडं दाखवणं बंद झालं.

लोक मात्र भिवराबाईभोवती जमले. जो तो म्हणू लागला, आम्हाला आधीपासून शंका होती. त्या दोन बायका म्हणाल्या, "भिवराआक्का, आम्हाला अंडी द्या हो. चुकलं आमचं."

"देईन," भिवराबाई म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. "पण आधी तुमच्या घरी येईन. पिल्लं जिथे उभी राहणार, ती जागा हाताने चाचपून बघेन. मगच देईन."

तेव्हापासून तिने तसंच केलं. थोरामोठ्याचं घर असो की झोपडी, आधी आत शिरून, वाकून, जमिनीवर तळहात फिरवायचा. हाताला खरखर लागली तरच टोपली पुढे करायची. कुणी कुरकुरलं, तर ती म्हणायची, "पिल्लाला उभं राहायचंय. तुम्हाला फक्त बघायचंय."

तात्पर्य: कुणाला दुबळं ठरवून टाकून देण्याआधी, आपण त्याला कशावर उभं केलं आहे ते पाहावं, आणि अन्यायाचा राग आलाच, तर तो दुबळ्याला सावरण्याच्या कामी यावा, आपला शब्द खरा करण्यासाठी त्याचा जीव पणाला लावू नये.